वाणात आलेला व्हायरस

"उरण नाक्याच्या क्लासात व्हायरस आहे, पोरींना पाठवू नका," असं कुणीतरी म्हणालं आणि बघता बघता ते पनवेलभर झालं. उरण नाक्याचा क्लास म्हणजे माझा. नव्वद सालाच्या आसपासची गोष्ट. तेव्हा लोकांना काविळीचा व्हायरस ठाऊक होता. कॉम्प्युटरलाही व्हायरस होतो म्हटल्यावर त्यांनी दोन्हींची एकच मोट बांधली. एका मुलीची आई माझ्याकडे येऊन गंभीर चेहऱ्याने म्हणाली, "मॅडम, हिला मुळातच सर्दीचा त्रास, हिला मशीनपासून जरा लांब बसवाल का?" मच्छीवाली कोलंबी तोलता तोलता हळूच म्हणाली, "तुमच्याकडं साथ हाय म्हनं बाई. डागदर काय बोलला?"

"डागदर मीच आहे," मी म्हटलं, "तू काटा नीट धर."

हसायची गोष्ट आहे, पण तेव्हा मला हसू येत नव्हतं. अंगाचा नुसता तिळपापड होत होता. मुंबईतली कॉम्प्युटर खात्यातली बरी नोकरी सोडून, माहेर-सासरच्या सगळ्यांशी वाद घालून मी हा क्लास काढला होता. सायकलच्या दुकानावरच्या दोन खोल्या, चार मशीन्स, जुना एसी आणि बाहेर पाटी. मशीन्स अगदी साधी. त्यांच्या पोटात काही साठवायची सोयच नव्हती. जे काही असेल ते फ्लॉपीवर. ती लवचिक, काळी, तळहाताहून मोठी फ्लॉपी खाचेत घालायची, वरची खिट्टी फिरवायची आणि बटण दाबायचं. चपला बाहेर काढायच्या, हात धुऊन आत यायचं असा माझा नियम होता. तो धुळीसाठी होता, पण पालकांनी त्याचा भलताच अर्थ लावला होता. व्हायरसची बातमी फुटली तेव्हा एक गृहस्थ मला म्हणाले, "कमाल आहे, चपला काढूनही आला?"

आणि नेमकी ही बातमी फुटली ती त्या जानेवारीत, जेव्हा माझं सगळं पणाला लागलं होतं. गावातल्या एका मुलींच्या शाळेने उन्हाळ्याच्या सुट्टीत आपल्या मुलींना कॉम्प्युटर शिकवायचं ठरवलं होतं. शाळेकडे मशीन्स नव्हती, म्हणून मुली बाहेरच्या क्लासात पाठवणार. क्लास गावात दोनच. एक माझा, एक टपाल नाक्यावरच्या सरांचा. मुख्याध्यापिकाबाई दोन्हीकडे येऊन गेल्या, चार प्रश्न विचारून गेल्या आणि म्हणाल्या, "रथसप्तमी झाली की कळवते." त्या मुली माझ्याकडे आल्या तर क्लास उभा राहणार, नाही आल्या तर मेमध्ये पाटी उतरवायची, हे मला स्वच्छ दिसत होतं. यजमान समजूत घालायचे, "नाही जमलं तर नाही जमलं, पुन्हा नोकरी बघ." चांगल्या मनाने म्हणायचे बिचारे, पण ते वाक्य ऐकलं की मला भांडी आपटावीशी वाटत.

संक्रांत झाली आणि चौथ्या की पाचव्या दिवशी पहिल्यांदा तो ठिपका दिसला. एक मुलगी टाइप करत होती आणि पडद्यावर एक पांढरा ठिपका टुणटुण उड्या मारत निघाला. कडेला आपटला, परत फिरला, अक्षरांवरून नाचत गेला. मुलगी खूश! तिला वाटलं, मॅडमनी नवा खेळ घातला. बाजूच्या तिघी गोळा झाल्या. मी मात्र तिथेच थिजले, कारण मुंबईच्या ऑफिसात हा ठिपका मी पाहिला होता.

हा व्हायरस फार दुष्ट नव्हता. फायली खात नव्हता, नुसता नाचायचा. पण तो फ्लॉपीच्या अगदी पहिल्या कप्प्यात जाऊन बसतो आणि मशीन सुरू होताना सगळ्यात आधी तोच कप्पा वाचतं. मग तो मशीनच्या डोक्यात शिरतो आणि त्यानंतर त्या मशीनमध्ये जी जी फ्लॉपी जाईल तिच्यात स्वतःची एक प्रत सोडतो. यात गुप्त काही नाही. मशीन चालू करताना खाचेत परकी फ्लॉपी ठेवू नये, हे तेव्हाच्या प्रत्येक कॉम्प्युटरवाल्याला माहीत होतं. फ्लॉपीच्या कडेला एक छोटी खाच असते, तिच्यावर काळी पट्टी चिकटवली की त्या फ्लॉपीवर कुणालाच काही लिहिता येत नाही, व्हायरसलाही नाही, हेही माहीत होतं. दुखणं जगजाहीर, औषध जगजाहीर, तरी दुखणं हटत नव्हतं. कारण कुणी पट्टी लावायचाच कंटाळा करायचं. 'आत्ता एवढ्यापुरतं' म्हणून काढायची, की गेलीच ती.

पण मी कंटाळा करणाऱ्यांतली नव्हते. क्लासातल्या मशीन चालू करायच्या फ्लॉप्यांना पट्ट्या होत्याच. मुलींच्या रोजच्या कामाच्या फ्लॉप्यांना लावता येत नव्हत्या, कारण त्यांच्यावर लिहायचं असायचं. मी पुण्याहून व्हायरस शोधून पुसणारा प्रोग्राम मागवला, रविवारी क्लास बंद ठेवून एकूण एक फ्लॉपी धुऊन काढली. सोमवार छान गेला. मंगळवारी दुपारी पुन्हा टुणटुण.

त्याच्या पुढच्या रविवारी पुन्हा धुतलं. पुन्हा मंगळवारी साहेब हजर! आता मात्र माझं डोकं फिरलं. मी मुलींना ओळीत उभं करून झापलं. "कुणी घरून खेळाची फ्लॉपी आणली? खरं सांगा!" सगळ्या देवाशपथ नाही म्हणाल्या. आणि त्या खरंच बोलत होत्या, खेळाची कुणीच आणली नव्हती. मी प्रश्नच चुकीचा विचारला होता.

दरम्यान गळती सुरू झाली. आज एकीला ताप, उद्या दुसरीची मावशी आलेली. मला काय कळत नव्हतं? टपाल नाक्यावर सर ज्याला त्याला सांगत होते, "आमच्याकडे व्हायरसला प्रवेशच नाही." वर मुख्याध्यापिकाबाईंच्याही कानावर घातलं म्हणे. हे मला सांगितलं ते कोनच्या काकूंनी.

या काकूंबद्दल सांगायला हवं. कोन गावच्या, शेतीवाल्या घरातल्या, वय चाळिशीच्या पुढे. त्यांची जमीन संपादनात गेली होती, आता मुलगे ट्रक आणि रेती बघायचे. दारात जीप, हातात कोपरापर्यंत बांगड्या आणि आवाज असा की खालच्या सायकलवाल्याला वर काय शिकवलंय ते पाठ. आधी त्या मुलीला सोडायला यायच्या, दारात बसायच्या. एक दिवस म्हणाल्या, "पोरीला येतं तं मला का नाय येनार?" आणि बसल्या मशीनसमोर. माझ्या क्लासातली त्यांच्याइतकी बिनधास्त विद्यार्थिनी पुन्हा मला मिळाली नाही. बाकीच्या आया पोरींना घरी ठेवत होत्या, तेव्हा काकू मुद्दाम रोज येत होत्या. "म्याडम, मी कुनाच्या बापाला भीत नाय, तं ह्या टिकलीला भिऊ?"

त्या बुधवारी काकू सोडल्या तर क्लास रिकामा होता. मी रागारागात फडकं घेऊन मशीन्स पुसत होते आणि एका मशीनच्या खिट्टीवर पिवळं बोट दिसलं. हळद. मी वैतागले, हात धुऊन या म्हणून शंभरदा सांगते! दुसऱ्या मशीनवर पाहिलं, तिथेही हळद. तिसऱ्यावर हळद आणि वर कुंकवाची चिमूटभर रेघ. चौथं मशीन स्वच्छ. आणि चौथ्या मशीनवर ठिपका कधीच दिसला नव्हता, ते लाडकं म्हणून मी स्वतःसाठी ठेवलं होतं.

मी फडकं तसंच हातात धरून काकूंना विचारलं, "काकू, मशीनला हळद कुणी लावली?"

"मशीनला नाय लावली," काकू म्हणाल्या, "वाणाला लावलीय. ती वाणाची फ्लापी नाय का? सरांच्या मिसेसनी लुटलेली." आणि त्यांनी पिशवीतून काढून दाखवली. फ्लॉपीच्या पाकिटावर हळदीकुंकवाची बोटं, वर टपाल नाक्याच्या क्लासचं लेबल आणि 'तिळगूळ घ्या, गोड बोला'.

मला सगळं आठवलं. मलाही ते वाण मिळालं होतं की! संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी सरांच्या मिसेसनी दणक्यात हळदीकुंकू केलं होतं. बाकीच्या बायका वाणाला कुंकवाचे करंडे, गाळणी, फार तर प्लॅस्टिकचे डबे लुटतात. यांनी फ्लॉप्या लुटल्या. गावभर चर्चा झाली होती. जाहिरातीची काय झकास युक्ती म्हणून मी मनातल्या मनात जळलेही होते. मशीन चालू झाल्यावर ती घालून उघडली की ठिपक्या ठिपक्यांचा तिळाचा लाडू यायचा आणि सूर वाजायचा म्हणे. माझी फ्लॉपी घरी देवापुढे ठेवली होती, मी ती कधी उघडलीच नाही.

"मग ही तुम्ही मशीनमध्ये केव्हा घालता?" मी विचारलं.

"केव्हा म्हंजे? पयली! वाण हाय ना ते. पयली ती घालायची, बटान दाबायचं, पाया पडायचं, मंग काढून पिशवीत. मंग तुमची. सगल्याच तसं करतात."

झालं! घराघरातून आयांनी पोरींना बजावलं होतं, 'आधी वाणाची घाल, चांगलं असतं.' मशीन चालू करताना जी एक गोष्ट करू नये तीच या सगळ्याजणी रोज भक्तिभावाने करत होत्या. मशीन त्या फ्लॉपीचा पहिला कप्पा वाचायचं, व्हायरस आत घ्यायचं आणि 'या फ्लॉपीवर सुरू होता येत नाही' असं सांगायचं. मी दारात चपला-हात तपासत असेपर्यंत मुली ती काढून माझी घालायच्या, पण तोवर पाहुणा डोक्यात जाऊन बसलेला. मग दिवसभर तो एकेका कामाच्या फ्लॉपीत उतरायचा. मी शोधत होते खेळाची फ्लॉपी. वाणाला फ्लॉपी म्हणतात हे कुणाच्या डोक्यातच नव्हतं.

मी ती फ्लॉपी घेतली, चौथ्या मशीनवर पट्टी लावलेल्या फ्लॉपीने सुरुवात केली, मग हिची तपासणी केली. होता! पहिल्याच कप्प्यात. मला इतका आनंद झाला की मी काकूंचे खांदे धरून हलवले. चोर सापडला होता.

तशीच चपला घालून टपाल नाक्यावर गेले. सर ऑफिसात होते. मी शांतपणे सांगायचं ठरवलं होतं, निदान पहिली पाच मिनिटं. "सर, संक्रांतीला दिलेल्या फ्लॉप्यांमध्ये व्हायरस आहे. तुम्हीच सगळ्यांना सांगितलंत तर बरं."

सर हसले. "मॅडम, आमच्या मशीन्स बघा, सगळ्या हार्डडिस्कवाल्या. कुठे दिसतोय ठिपका? तुमची मशीन्स जुनी, दुखणं तुमचंच."

"तुमच्याकडे त्या फ्लॉप्या कुणी घालतच नाही, मग दिसेल कसा? त्या केल्या कुठे?"

"घरच्या जुन्या मशीनवर. हिने केल्या. हिला काय, एकामागून एक घालायच्या आणि बटण दाबायचं."

मी तोंड उघडणार तेवढ्यात आतून त्यांच्या मिसेस आल्या. हातात तिळगुळाची वाटी. साध्या, लाजऱ्या बाई. मला बघून चेहरा फुलला. "अय्या, तुम्ही! वाण आवडलं ना? सगळ्या मी स्वतः केल्यात हं. रोज दुपारी बसायचे. इतकी मजा आली!"

आता काय बोलणार? वाणाला नाव ठेवायचं नसतं, ते परत करायचं नसतं, टाकायचं तर मुळीच नसतं. आणि ही बाई माझ्यासमोर उभी, आयुष्यात पहिल्यांदा मशीनवर काहीतरी केल्याच्या आनंदात. मी तिळगूळ तोंडात टाकला, "छानच आहे वाण," म्हटलं आणि जिना उतरले. इतका चरफडत गिळलेला तिळगूळ मी दुसरा खाल्ला नाही.

दुसऱ्या दिवशी मी क्लासात असलेल्या मुलींना फर्मान काढलं. वाणाची फ्लॉपी उद्यापासून आणायची नाही! त्याचा उलटाच परिणाम झाला. संध्याकाळी एक आजी वरपर्यंत चढून आल्या आणि वाण नको म्हणणारी ही कोण टिकोजीराव, असं मला सुनावून गेल्या. मी त्यांना पहिला कप्पा, दुसरा कप्पा समजावत होते. त्या पदराने वारा घेत होत्या. मी हात टेकले. रथसप्तमी आठवड्यावर आली होती आणि मला क्लासच्या पाटीचे स्क्रू दिसायला लागले होते.

काकू हे सगळं ऐकत बसल्या होत्या. म्हणाल्या, "म्याडम, तुमी बायकांना नको नको बोलता, तं त्या कशा ऐकतील? मला सांगा, ती काली पट्टी लावली का व्हायरस येत नाय ना?"

"आधी पुसायचा, मग पट्टी लावायची. मग ती फ्लॉपी कुठेही घाला, पहिली घाला, शेवटची घाला, काही होत नाही."

"मंग ती तीट झाली ना! पोर देखनं आसलं का आपन काजलाची तीट लावतो. वाण चांगलं हाय, नजर लागू नये म्हनून तीट लावायची. बायका नाय बोलतील काय?"

इतके दिवस मी शिकवत होते, ओरडत होते, आणि सांगायचं होतं ते एवढंच. वाण परत मागायचं नाही, टाकायला सांगायचं नाही. त्याला तीट लावायची. मी तिथल्या तिथे ठरवलं, रथसप्तमीला माझं हळदीकुंकू, क्लासात. वाण म्हणून प्रत्येकीला काळ्या पट्ट्यांचा एक कागद. आणि बोलावणं करताना एकच सांगायचं, येताना संक्रांतीच्या वाणाची फ्लॉपी घेऊन या, तिला तीट लावायचीय. कुणाकडून आलंय ते वाण, याबद्दल चकार शब्द काढायचा नाही.

काकूंनी जीप काढली. चालवायला त्यांचा मुलगा, मी पुढे, काकू मागे, मांडीवर कुंकवाचा करंडा. मिरची गल्ली, तळ्याच्या कडेची घरं, एसटी स्टँडमागच्या इमारती, पार कोनपर्यंत. जिथे गेलो तिथे बायका हसायच्या. "फ्लॉपीला तीट?" पण हसल्या म्हणजे येणार, हे मला कळत होतं. मुख्याध्यापिकाबाईंकडेही गेले. त्या चष्म्यावरून बघत म्हणाल्या, "मी रथसप्तमीनंतर ठरवते म्हटलं होतं."

"तुम्हाला ठरवायला नाही बोलावत, बाई. हळदीकुंकवाला बोलावतेय."

सरांच्या मिसेसकडे जायला माझे पाय जड झाले. पण गावभर बोलावणं आणि त्यांनाच वगळायचं, हे बरं दिसलं नसतं. त्यांनी कुंकू लावून घेतलं, ऐकलं आणि मान खाली घालून आत गेल्या.

रथसप्तमीच्या दुपारी क्लासात पाय ठेवायला जागा नव्हती. जिन्यावर चपलांचा ढीग. सायकलवाल्याने दुकान अर्धं बंद केलं, गिऱ्हाइकाला जायला वाटच नव्हती. काठाच्या साड्या, गजरे, पदराला पोरं, आणि प्रत्येकीच्या हातात फ्लॉपी. एक मशीन मी मुद्दाम वाणाची फ्लॉपी घालून चालू केलं होतं. त्याच्यावर ठिपका नाचत होता आणि त्याच्याभोवती ही गर्दी! "अगंबाई, हाच का तो?" "एवढासाच?" इतके दिवस ज्याच्या धास्तीने पोरी घरात ठेवल्या, त्याला बायका आता बोटाने पडद्यावर दाबायला बघत होत्या. ज्या आईने सर्दीवाली मुलगी लांब बसवायला सांगितलं होतं, ती सगळ्यात पुढे.

बाकी तीन मशीन्सवर कामाला सुरुवात झाली. मी एकदा करून दाखवलं. फ्लॉपी घालायची, ही अक्षरं टाइप करायची, प्रोग्राम सांगतो 'सापडला', मग व्हायरस पुसतो, मग फ्लॉपी काढून कडेला काळी तीट. नंतर मला काही करावंच लागलं नाही. मधल्या मशीनवर काकू बसल्या आणि त्यांनी ताबा घेतला. "हां, घाल. उलटी घातलीस गं, लेबल वर. दाब आता. सापडला का मेला? पूस त्याला!" दर वेळी 'सापडला' आलं की बायका ओरडायच्या आणि पुसला गेला की टाळ्या वाजवायच्या. ज्यांनी आयुष्यात कधी की-बोर्डला हात लावला नव्हता त्या एकमेकींना शिकवत होत्या. मला कुंकू लावायला वेळ पुरेना. मी इतकी खूश होते की एकीला दोनदा लावलं.

आणि मग दारातला कलकलाट थांबला. सरांच्या मिसेस आल्या होत्या. सगळ्यांच्या हातातल्या फ्लॉप्यांवर त्यांच्याच क्लासचं लेबल, त्यामुळे न सांगता सगळ्यांना सगळं कळलेलं. त्या आत आल्या, नाचणाऱ्या ठिपक्याकडे बघत उभ्या राहिल्या. मी पुढे होऊन त्यांना हळदीकुंकू लावलं.

"हा माझ्या फ्लॉप्यांतून आला ना?" त्या म्हणाल्या. हळू आवाजात, पण सगळ्यांना ऐकू गेलं.

"वहिनी, तुमचा नाही तो. कुठून कुठून फिरत येतो. तुमच्या मशीनमध्ये आधीच होता, तुम्हाला तरी कसं कळणार?"

"हे म्हणाले होते, बोलू नकोस, जाऊ नकोस," त्या म्हणाल्या. डोळे भरले होते, पण बाई वळली नाही. त्यांनी हातातली कापडी पिशवी मशीनशेजारी रिकामी केली. उरलेल्या फ्लॉप्या होत्या, चांगला ढीग. "मी केल्यात, मीच पुसते. कसं करायचं ते दाखवा मला."

काकू ताडकन उठल्या. "ये गं माज्या वाघिनी! बस इथं." आपली जागा त्यांना दिली. वहिनी बसल्या, आणि काय सांगू, त्यांची बोटं अशी सराईत चालली! सगळ्या दुपारी उगाच गेल्या नव्हत्या. एक, दुसरी, तिसरी. बायका पट्ट्या लावायला भोवती बसल्या. इतके दिवस ज्या घरावर मी दात खात होते, त्या घरची बाई माझ्या क्लासात बसून माझा क्लास वाचवत होती.

मुख्याध्यापिकाबाई कधी आल्या मला कळलंच नाही. मागे भिंतीला टेकून सगळं बघत उभ्या होत्या. मी करंडा घेऊन गेले. त्यांनी कुंकू लावून घेतलं आणि तिथेच, सगळ्यांसमोर विचारलं, "मला एक सांगा. हे सगळं पुसल्यावर तो पुन्हा येणार नाही ना?"

हो म्हटलं की झालं, एवढं सोपं होतं. काकू माझ्याकडे डोळे वटारून माना हलवत होत्या, म्हणा ना हो! टपाल नाक्यावरून बाईंना 'आमच्याकडे प्रवेशच नाही' हेच उत्तर मिळालेलं होतं.

"येणार, बाई," मी म्हटलं. "हा नाही तर दुसरा येणार. मशीन चालू झालं की आधी खाचेतली फ्लॉपीच वाचतं, ही त्याची खोड सगळ्यांना माहीत आहे आणि मशीन बनवणारे ती काढत नाहीत. आणि माणूस पट्टी लावायला विसरतं. तो येत नाही असं जो सांगेल त्याच्याकडे तो आधीच आलेला असेल."

काकूंनी कपाळावर हात मारला. बाईंनी चष्मा वर सरकवला, पर्समधून स्वतःची वाणाची फ्लॉपी काढली आणि वहिनींना म्हणाल्या, "जरा सरका हो. मला करून बघू दे."

त्या बसल्या. एका बोटाने एकेक अक्षर शोधत टाइप केलं. एकदा चुकलं, वहिनींनी दाखवलं, पुन्हा केलं. 'सापडला.' बाईंनी बटण दाबलं. पुसला! असा काही गिल्ला झाला की खालून सायकलवाला वर बघायला आला. बाईंनी फ्लॉपी काढली, काळी पट्टी घेतली, नीट मोजून खाचेवर बसवली, अंगठ्याने दाबली. मग खुर्ची फिरवून माझ्याकडे बघितलं.

"माझ्या मुलींना हे आलं पाहिजे," त्या म्हणाल्या. "आठवी-नववीच्या सगळ्या पाठवते. तुमची चार मशीन्स पुरतील का?"

"पुरतील," मी म्हटलं, आणि हातातला करंडा कुणाच्या तरी हातात देऊन, भर सवाष्णींच्या मेळ्यात, हमसून हमसून रडले.